पाण्यातली हद्द

खानापूरहून हेम्माडग्याच्या रस्त्याने निघाले की झाडी दाट होत जाते आणि भीमगड अभयारण्याचे रान सुरू होते. आमच्या शाळेतल्या काही मुलांची घरे या रानाच्या अगदी कडेला असल्यामुळे अभयारण्य म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. लाकूडफाटा कुठवर आणायचा, गवे कुठून उतरतात आणि वनखात्याची हद्द कोणत्या ओढ्याला लागते, हे सगळे त्यांना ठाऊक असते. गेल्या पावसाळ्यात लक्षद्वीपविषयी शिकवताना मी सांगितले की तिथेही राखीव क्षेत्रे आहेत, परंतु ती भर समुद्रात आहेत. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पाण्यात हद्द कशी घालतात? तिथे राखायचे तरी काय असते?"

प्रश्न दोन होते आणि दोन्ही महत्त्वाचे होते. तासाला दहा मिनिटे उरली होती, त्यामुळे त्या दिवशीचे उत्तर अर्धेच राहिले. ते सविस्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे बरे, कारण काय राखायचे हे कळल्याशिवाय हद्द कुठे घालायची हे ठरत नाही.

आपल्याकडे पोवळे म्हटले की सराफाची पेढी डोळ्यांसमोर येते. मंगळासाठी अनामिकेत घालायचे ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी वाढते आणि त्याच्यापासून बेटे तयार होत नाहीत. बेटे बांधणारे प्रवाळ हे त्याचे दूरचे भाऊबंद होत. प्रत्येक प्रवाळ म्हणजे बहुधा काही मिलिमीटर आकाराचा, मऊ अंगाचा प्राणी असतो. मधोमध तोंड, तोंडाभोवती बारीक हातांचे कडे आणि बुडाशी चुनखडीची वाटी, एवढीच त्याची रचना. ही वाटी तो स्वतःच्या अंगातून पाझरवून तयार करतो. पानाला लावायचा चुना ज्या चुनखडीपासून भाजून काढतात, तीच ही चुनखडी. एकाला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा असे लाखो प्राणी राहतात, जुने मरतात, त्यांच्या वाट्यांवर नवे बसतात आणि खडक वर वर चढत जातो. घट्ट, गोल गड्ड्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांसारखे वाढणारे त्याहून भराभर वाढतात, पण मोडतातही लवकर.

या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बहुतेक अन्न हे शैवालच सूर्यप्रकाशावर तयार करते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालाचाच असतो. म्हणून बेट बांधणाऱ्या प्रवाळाला ऊन पोहोचेल असे उथळ, नितळ आणि कोमट पाणी लागते. गाळाने पाणी गढूळ झाले की त्याची उपासमार सुरू होते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आता कंकणद्वीप. हा मराठी शब्द मला फार आवडतो, कारण तो ऐकताच आकार दिसतो: समुद्रात ठेवलेले कंकण, मधोमध शांत, फिकट हिरवट-निळे पाणी आणि बाहेर काळाभोर निळा समुद्र. मधल्या पाण्याला पाठ्यपुस्तकात खारकच्छ म्हणतात, बोलण्यात लगून हा शब्द रुळला आहे. इंग्रजीतला ॲटॉल हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतून गेलेला आहे. ही कंकणे हजारो मीटर खोल समुद्रातून वर आलेली असतात, आणि प्रवाळ तर खोल अंधारात जगू शकत नाही. मग तळापासून इतक्या उंचीपर्यंत बांधकाम केले कोणी?

याचे उत्तर चार्ल्स डार्विनने सुचवले. १८३६ साली त्याने हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटे पाहिली आणि १८४२ साली आपली उपपत्ती प्रसिद्ध केली. प्रथम समुद्रातून ज्वालामुखीचे बेट वर येते. त्याच्या किनाऱ्याला लागून प्रवाळ वाढतात, ही अनुतट प्रवाळभित्ती. ज्वालामुखी थंडावला की बेट स्वतःच्या भाराने आणि खालचा समुद्रतळ खचल्यामुळे हळूहळू बुडू लागते, मात्र प्रवाळ उन्हासाठी वर वर बांधत राहतात. त्यामुळे बेट आणि भित्ती यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा पडतो, ही रोधक प्रवाळभित्ती. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि त्याच्या कडेचे तेवढे कडे पृष्ठभागाशी शिल्लक राहते. हे खरे की खोटे, हे ठरवायला भोक पाडून पाहणे एवढाच मार्ग होता. १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुटी बेटावर सुमारे ३४० मीटर खोल वेध घेतला, तरी प्रवाळाचा खडक संपेना. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटोक बेटावर मात्र बाराशे मीटरांहून अधिक जाडीचा प्रवाळखडक पार केल्यावर काळा ज्वालामुखीचा दगड लागला. डार्विनच्या म्हणण्याला आधार मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

तो काळा दगड आपल्याला परका नाही. निपाणीजवळचा तवंदीचा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडी नीट पाहाव्यात. तो लाव्हाचा दगड आहे, आणि निपाणीच्या तंबाखूची काळी माती याच दगडाची झालेली आहे. दख्खनचे हे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाने बनले, आणि आपला बेळगावचा मुलूख त्याच्या दक्षिण काठावर येतो. भूशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत असे की हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त ठिकाणावरून आला, त्याच्यावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली. पेटत्या चिमणीवर पत्र्याचा तुकडा धरून तो सावकाश सरकवला तर काजळीच्या डागांची ओळ उमटते, तसेच हे झाले. दख्खननंतर दक्षिणेकडे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्याखालचा समुद्रतळावरचा कणा, मग मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. वर्गात मी चिमणी आणि पत्रा घेऊन हे करून दाखवले तेव्हा मुले गप्प झाली. मालदीवच्या कंकणांखाली पुरलेला डोंगर आणि तवंदीची दरड एकाच चुलीवरची आहेत, हे कळल्यावर दूरचा समुद्र दूर राहत नाही.

परंतु बुडालेल्या डोंगरावर उभे असण्यात एक धोका दडलेला आहे. खालचा आधार खचत असतो आणि वरून लाटा रोज कडा फोडत असतात, म्हणून बेट टिकते ते केवळ बांधकाम चालू आहे म्हणून. आपली जमीन नुसती पडून राहिली तरी जागेवर असते. कंकणद्वीपावरची जमीन बांधणारे मेले की झिजू लागते. त्यामुळे इथे राखण करायची ती जमिनीची नसून बांधकामाची, म्हणजेच बांधणाऱ्या प्राण्यांची आणि त्यांच्या मदतनीसांची आहे. माझ्या मते हा सगळा विषय समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

मदतनीस कोण, हे पाहिले म्हणजे लगूनचे मोल कळते. पोपटमासा हा त्यांतला पहिला. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि त्यांनी तो मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो. ही खरवड शांत पाण्यात ऐकूही येते. शेवाळाबरोबर चुनखडीही पोटात जाते आणि ती दळून पांढऱ्या रेतीच्या रूपाने बाहेर पडते. कित्येक कंकणद्वीपांवरच्या पांढऱ्याशुभ्र पुळणीचा मोठा भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो. दुसरी समुद्रकाकडी. ती तळावरची रेती गिळते, तिच्यातला सेंद्रिय कचरा पचवते आणि स्वच्छ रेती मागे सोडते. शेतात गांडूळ जे काम करते, त्याच जातीचे हे काम आहे. बाहेरची भित्ती स्वतः धक्का सोसते. जगभरच्या मोजमापांवरून प्रवाळभित्ती लाटांचा सरासरी ९७ टक्के जोर आधीच मोडून काढतात, असे आढळले आहे.

लक्षद्वीपमध्ये एकूण ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि लगूनचे पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे एक एकर जमिनीमागे सुमारे १३० एकर लगून. तिथल्या माणसाचे खरे शेत पाण्यातच आहे. तिथे टूना, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याचा कुप्पा, गळाच्या काठीने धरतात. त्यासाठी पहाटे लगूनमध्ये बारीक जाळ्यांनी आमिषाचे छोटे मासे जिवंत पकडून होडीच्या पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. बाहेरच्या समुद्रात टूनाचा थवा दिसला की ते मासे भिरकावतात, पाण्याचे फवारे उडवतात, आणि होडीच्या मागच्या बाजूला उभे राहिलेले लोक काठ्यांनी एकेक मासा उचलून आत टाकतात. मोठे जाळे नाही, त्यामुळे नको असलेला जीव मरत नाही. परंतु आमिषाचे ते छोटे मासे प्रवाळाच्या फांद्यांच्या आडोशाने राहतात, आणि फांद्या मोडल्या की काठीला टूना लागणेही थांबते.

पिण्याचे पाणीही याच रचनेवर अवलंबून आहे. पावसाचे पाणी रेतीतून मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहते. हिशेबाने समुद्रपातळीच्या वर हे गोडे पाणी एक फूट असेल तर खाली चाळीस फुटांपर्यंत असायला हवे. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने ते खाऱ्या पाण्यात मिसळत राहते आणि थर बराच पातळ भरतो. विहिरीतून अधिक उपसा केला की पाणी मचूळ होते. शौचाचे खड्डे जवळ असले की घाण थेट या थरात उतरते आणि तिथून लगूनमध्ये जाते. त्या खतावर शेवाळ माजते आणि प्रवाळाचे ऊन अडते.

आता सगळ्यांत मोठे संकट. पाण्याचे तापमान नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातल्या शैवालाला बाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक अंगातून खालची चुनखडी दिसू लागते आणि सगळी भित्ती हाडासारखी पांढरी पडते. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते, नाही निवले तर तो मरतो. लक्षद्वीपवर अशी उष्णतेची मोठी लाट १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये आली.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: हद्द घातल्याने पाणी थंड होणार आहे का? होणार नाही. धूर आणि कोळसा यांचा प्रश्न जगाने मिळून सोडवायचा आहे, त्याला कोणत्याही अभयारण्याची हद्द पुरी पडत नाही. तरीही राखीव क्षेत्राला अर्थ आहे, कारण लाटेनंतर काय होते हे स्थानिक परिस्थितीवर ठरते. प्रवाळ मेला की त्या मोकळ्या चुनखडीवर काही दिवसांतच शेवाळ चढते. पोपटमाशांसारखे शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील तर ते दगड घासून साफ ठेवतात आणि पाण्यातून वाहत आलेल्या प्रवाळाच्या इवल्या अळ्यांना बसायला जागा मिळते. हे मासे आधीच पकडून संपवले असतील, वरून सांडपाणी येत असेल आणि गाळ उपसून पाणी गढूळ केले असेल, तर तिथे शेवाळाचे रान माजते आणि प्रवाळ परतत नाही. आजारातून उठणाऱ्या माणसाला जसा आहार आणि विसावा लागतो, तशी ही उसंत राखीव क्षेत्राने द्यायची असते. दोन लाटांमधली वर्षे कमी होत चालली आहेत, म्हणून या उसंतीची निकड वाढली आहे.

यावरून हद्दीचा प्रश्न पुढे येतो. समुद्रात कुंपण म्हणजे मुख्यतः कागदावरचे आकडे: अक्षांश-रेखांशांचे बिंदू राजपत्रात प्रसिद्ध करतात आणि नौकानयनाच्या नकाशांवर उतरवतात. काही ठिकाणी पाण्यावर तरंगणारी बोये बांधतात. आतल्या भागाचे पुन्हा तुकडे पाडतात. गाभ्यातून काहीही काढायचे नाही. त्याच्या बाहेर गळाने मासेमारी चालेल, पण जाळे ओढायचे नाही. याही पलीकडे होड्यांना ये-जा असते, परंतु नांगर टाकायला मनाई असते. नांगराची गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून ती जवळून सांगतो. होडी वाऱ्याने फिरली की तळावरची साखळी तिच्याबरोबर गोल फिरते आणि तेवढ्या वर्तुळातला प्रवाळ खरवडून निघतो. एका दुपारच्या विश्रांतीत कित्येक वर्षांची वाढ जाते. त्यावर उपाय अगदी साधा आहे: तळाशी एकदाच पक्का खुंटा बसवायचा, त्याला दोराने बोय बांधायचे, आणि येणाऱ्या प्रत्येक होडीने आपला दोर त्या बोयाला अडकवायचा.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश २००१ साली झाला, म्हणजे कागदोपत्री त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले गेले. समुद्रकाकडीलाही तेच संरक्षण मिळाले, कारण परदेशी बाजारात तिला मोठी किंमत येते आणि तिची चोरटी विक्री चालते. २०२० साली लक्षद्वीपमध्ये चेरियापाणीजवळचे २३९ चौरस किलोमीटर क्षेत्र खास समुद्रकाकडीसाठी राखीव झाले. असे राखीव क्षेत्र जगात पहिलेच मानले जाते.

मात्र कायद्याची हद्दही समुद्रात कुठेतरी संपते. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे आणि त्याच्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. आपल्या दर्यावर्द्याचे नाव ज्या जागेला आहे, तिची माहिती मराठी मुलांना असायला हवी, असे मला मनापासून वाटते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र असतो आणि नेहमीच्या पद्धतीने सागरी अभयारण्य जाहीर करता येते ते तेवढ्यातच. आंग्रिया बँक त्याच्या पुष्कळ पलीकडे, २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येते. तिथला कारभार केंद्र सरकारच्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने चालतो, म्हणून ती जागा राखायची तर निर्णय दिल्लीतच व्हावा लागेल.

जगातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. सेशेल्समधील अल्डाब्रा या प्रचंड कंकणद्वीपावर १९६० च्या दशकात ब्रिटिशांना हवाई तळ बांधायचा होता. शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला आणि १९६७ साली तो बेत रद्द झाला. १९८२ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि तिथे सुमारे एक लाख महाकाय कासवे मोकळी फिरतात. तरीही २०१९ साली तिथल्या किनाऱ्यावरून २५ टन कचरा गोळा करावा लागला, त्यात मासेमारीचे टाकून दिलेले दोर आणि जाळीच अधिक होती. ज्या बेटावर जवळजवळ कोणी राहत नाही, तिथे हा कचरा वाहत आला होता.

दुसरे उदाहरण चागोसचे. लष्करी तळासाठी तिथल्या सगळ्या रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात बेटांवरून हलवण्यात आले. पुढे २०१० साली ब्रिटनने तिथले सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर पाणी सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले. तिथले प्रवाळ जगातल्या उत्तम स्थितीतल्या प्रवाळांमध्ये गणले जात आले आहेत, हे खरे आहे. ज्यांची ती बेटे होती त्यांना परतीचा मार्ग आणखी अवघड झाला, हेही तितकेच खरे आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने हे क्षेत्र जाहीर करताना या बेटांवर दावा सांगणाऱ्या मॉरिशसचे हक्क डावलले गेले असा निर्णय दिला. भीमगडाच्या पोटातल्या आमगाव, गवाळी, तळेवाडी यांसारख्या गावांच्या स्थलांतराची चर्चा ज्यांनी घरात ऐकली आहे, त्या मुलांना चागोसची गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. मला स्वतःला मालदीवच्या बा ॲटॉलची रीत अधिक पटते. २०११ पासून ते युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र असून त्यात माणसे राहतात आणि मासे धरतात. मांटा माशांचे थवे जिथे जमतात त्या हनिफारू उपसागरात मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून उतरायला बंदी आहे, वरून पोहत पाहता येते.

वर्गात हे सगळे सांगून झाल्यावर मी पिट्टीविषयी सांगितले. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटाजवळची ही रेतीची लहानशी उंचवट्याची जागा, क्षेत्रफळ साधारण १.२ हेक्टर. तिच्यावर झाड नाही, घर नाही. सुरय पक्षी उघड्या रेतीवर अंडी घालतात आणि त्यांच्यासाठी ते पक्षी अभयारण्य आहे. मुलांनी हेक्टरचे एकर केले, उत्तर तीन आले. मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला की त्याच्या घरचे भाताचे रान तेवढेच आहे, आणि भात पोटरीला आला की गव्यांसाठी घरातले कोणीतरी रोज रात्री माळ्यावर राखणीला जाते. मग त्याने विचारले, "तिथे राखणीला कोण बसते?"

मी त्याला फिलिपिन्सच्या टुब्बाताहाचे सांगितले. सुलू समुद्रातली ही दोन कंकणे १९८८ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. जवळच्या मोठ्या बंदरापासून तिथे पोहोचायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. तिथे रेतीच्या एका दांड्यावर खांबांवर उभारलेली चौकी आहे. नौदल, तटरक्षक दल, उद्यानाचे कर्मचारी आणि जवळच्या कागायानसिलो गावची माणसे तिथे पाळीने राहतात. एक पाळी दोन महिन्यांची असते. पुढची बोट येईपर्यंत चहूबाजूंनी पाणी, आणि क्षितिजावर एखादा दिवा दिसला की तो कोणाचा, हे पाहायला होडी काढायची.